स्मॉल ए, कॅपिटल ए

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं! हे मी म्हणत नाही, आमच्या लाँड्रीत तसं म्हटलं जातं. आता लाँड्रीत कॉम्प्युटरवर बसणारा मी एकटाच आणि असं म्हणणाराही बहुतेक वेळा मीच, हा भाग वेगळा.

लाँड्री सासऱ्यांची. त्यांना सगळे बाबा म्हणतात, मीही म्हणतो. काउंटरवर माझी बायको बसते आणि आत, वाफेची इस्त्री आणि कोटांचा दांडा यांच्या बेचक्यात एक टेबल आहे, तिथे मी बसतो. त्या टेबलाला मी 'सर्व्हर रूम' म्हणतो. इस्त्री सुरू झाली की माझ्या स्क्रीनवर बाष्प धरतं आणि दर थोड्या वेळाने मला तो कुणाच्या तरी उशीच्या अभ्र्याने पुसावा लागतो. अशा हवामानात जगात कुठलाही इंजिनियर काम करत नसेल!

आमच्या लाँड्रीचं नाव एकाच गोष्टीवर उभं होतं. आजवर एकाचा कपडा दुसऱ्याच्या घरी गेलेला नाही! हातरुमालसुद्धा नाही. आणि त्याबद्दल लाँड्रीमालकांच्या संघाने बाबांचा सत्कार ठरवला होता. बुधवारी संध्याकाळी, मोठ्या सभागृहात, बँड वगैरे लावून. बाबा भाषणाची तयारी करायला म्हणून सोमवारीच आपल्या धाकट्या भावाकडे गेले. जाताना मला म्हणाले, "जावईबापू, मी दोन दिवस नाही. काही करू नका."

"म्हणजे काय करू नको, बाबा?"

"काहीच."

आता हा काय विश्वास झाला? मी मनाशी ठरवलं, बाबा परत येईपर्यंत आपण लाँड्रीला आधुनिक करून सोडायचं. कपड्यांचा सगळा हिशेब ज्या डेटाबेसमध्ये राहतो, त्याच्या सर्व्हरची नवी आवृत्ती आलेली होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका महिनोन्‌महिने माझ्याकडे बघून लुकलुकत होता. मंगळवारी लाँड्री बंद. मी बाह्या सरसावल्या.

"कशाला हात लावताय?" बायकोने विचारलं. "सगळं नीट चाललंय ना?"

"अगं, नीट चालतंय तेव्हाच अपग्रेड करायचं असतं! बिघडल्यावर करतात त्याला दुरुस्ती म्हणतात."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हटलं.

अपग्रेड सुरू झालं. पांढऱ्या अक्षरांचा धबधबा कोसळायला लागला. मी हाताची घडी घालून, विमान चालवणाऱ्या माणसासारखा चेहरा करून बसलो. मध्येच धबधबा थांबला आणि प्रश्न आला: तुमच्या सेटिंगची जुनी फाइल ठेवू, की माझी नवी कोरी घेऊ?

आता मला सांगा, कुणी तुमच्यापुढे जुना शर्ट आणि नवा शर्ट धरला, तर तुम्ही काय घ्याल? मी 'नवी' दाबलं. पुन्हा धबधबा. मग शेवटी हिरव्या अक्षरांत 'काम यशस्वी झालं'. चहा गार व्हायच्या आत!

"काही बदललं तर नाही ना?" बायको म्हणाली.

"काही म्हणजे काहीच नाही! यालाच कौशल्य म्हणतात."

बुधवारी सकाळी काम नेहमीसारखं सुरू झालं. कपड्याचा टॅग यंत्रापुढे धरायचा, पत्त्याची चिठ्ठी छापून येते, ती खाकी कागदाच्या पार्सलवर चिकटवायची. चिठ्ठ्या पूर्वीच्या दुप्पट वेगाने येत होत्या. मी प्रत्येक चिठ्ठीकडे, वर्गात पहिल्या आलेल्या मुलाकडे बापाने बघावं तसा बघत होतो. पार्सलं टेम्पोत चढली. आमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरला सगळे 'वादळ' म्हणतात, कारण सायकलवाले त्याला हात दाखवून पुढे जातात. बायकोने त्याला बजावलं, "बाबांचं नाव असेल ते पार्सल थेट सभागृहावर द्या. बाबा परस्पर तिकडेच उतरणार आहेत. त्यात त्यांचा क्रीम रंगाचा सूट आहे, सांभाळून!"

"चिठ्ठीवर जे आहे ते तिथं पोचणार, ताई," असं म्हणून वादळ घोंघावत, म्हणजे गोगलगाईच्या चालीने, निघून गेलं.

पहिला फोन आला तेव्हा मी दुसरा चहा पीत होतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका आमच्या जुन्या गिऱ्हाईक. आवाज असा की फोन कानाला लावला तरी आपण बाकावर उभे आहोत असं वाटतं.

"मी तुमच्याकडे चादरी दिल्या होत्या. फुलाफुलांच्या."

"हो बाई."

"तुम्ही अस्वल पाठवलंय."

"अस्वल?"

"अस्वल. डोकं वेगळं पॅक केलंय."

मी फोन हाताने झाकून बायकोला म्हटलं, "बाईंचं वय झालं गं." तोवर दुसरा फोन वाजला. बालनाट्य करणाऱ्या कंपनीचे मॅनेजर! ते नुसते ओरडत होते. "आमचं अस्वल कुठाय? दुपारी प्रयोग आहे! अस्वलाच्या जागी फुलाफुलांच्या चादरी आल्यात! जंगलात फुलं आहेत हो आमच्या, पण ती आम्ही रंगवून घेतलीत!"

मी चहाचा कप खाली ठेवला.

तिसरा फोन हॉटेलचा. सगळ्या वेटरांना मिळून एकच पायजमा पोचला होता, नाडीसकट. पायजम्याचे मालक कोण असतील याचा विचार करतोय तोच त्यांचाच फोन आला. ते म्हणाले, त्यांच्या दारात इतके बो टाय येऊन पडलेत की बायको विचारतेय, तुम्ही नक्की नोकरी कुठे करता!

आणि मग एक शांत, जड आवाज. "मी न्यायाधीश बोलतोय."

मी उभा राहिलो. का ते विचारू नका.

"माझा काळा गाऊन तुमच्याकडे होता. मला मिळालेला गाऊन हिरवा आहे."

"सॉरी साहेब, रंगात जरा..."

"आणि तो मागून संपूर्ण उघडा आहे. हा घालून मी न्यायदान करावं अशी तुमची अपेक्षा आहे का?"

त्याच वेळी बायकोच्या कानाला दुसरा फोन होता आणि त्यातून हॉस्पिटलच्या मेट्रनबाई सांगत होत्या की डॉक्टर काळा झगा घालून ऑपरेशनपूर्वी पेशंटला धीर द्यायला गेले, तर पेशंट चप्पल न घालताच पळाला!

बायकोने फोन ठेवला, शांतपणे उठली आणि सर्व्हर रूममध्ये, म्हणजे इस्त्रीपाशी, आली.

"काल तुम्ही काय बदललंत?"

"काहीच नाही!"

"काहीच नाही म्हणजे काय काय नाही?"

लग्नाला इतकी वर्षं झाली की माणसाला खोटं बोलायचीही सोय राहत नाही. तिने अभ्र्याने स्क्रीन पुसला, न्यायाधीशांचा कोड टाइप केला आणि बघत राहिली. मग म्हणाली, "स्मॉल एन टाकला. हॉस्पिटल आलं."

इथे तुम्हाला आमचे कोड समजावून सांगायला हवेत. घरगुती गिऱ्हाइकांना स्मॉल अक्षर आणि आकडा, संस्थांना कॅपिटल अक्षर आणि आकडा. संघाने सगळ्या लाँड्र्यांसाठी एकच प्रोग्रॅम करून घेतला, त्यातच ही पद्धत ठरलेली. स्मॉल एन-नऊ न्यायाधीश, कॅपिटल एन-नऊ हॉस्पिटल. आणि जुन्या सेटिंगमध्ये कुणीतरी शहाण्या माणसाने सर्व्हरला बजावून ठेवलं होतं की बाबा रे, ही दोन वेगवेगळी अक्षरं आहेत. माझ्या नव्या कोऱ्या फाइलमध्ये हे कुणी सांगितलेलंच नव्हतं! तिच्या लेखी लहानथोर सगळे सारखे. जो पत्ता आधी हाताला लागेल तो छापून मोकळी! त्यामुळे कुणाला दुसऱ्याचे कपडे गेले, कुणाला दोघांचेही गेले आणि कुणाला नुसताच खाकी कागद.

"जुनी फाइल टाकून दिलीत?" बायकोने विचारलं.

"नाही, तशी... विचारलं होतं त्याने. मी म्हटलं..."

पण तो सर्व्हर माझ्यापेक्षा जबाबदार निघाला. जुनी फाइल त्याने बाजूला नाव बदलून जपून ठेवली होती. बायकोने ती मला परत जागेवर ठेवायला लावली, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायला लावला आणि न्यायाधीश पुन्हा न्यायाधीश झाले. माझा जीव भांड्यात पडला. पण कपडे गावभर पडले होते, त्यांचं काय?

वादळ नुकतंच परतलं होतं. बायकोने काउंटरला कुलूप ठोकलं आणि आम्ही तिघं टेम्पोच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसलो. सगळ्यात आधी कोर्ट आणि हॉस्पिटल. गाऊनांची अदलाबदल झाली. न्यायाधीशसाहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पुन्हा माझ्यासमोर येऊ नका." हे त्यांनी कुठल्या अर्थाने म्हटलं, यावर मी अजून विचार करतोय.

मुख्याध्यापिकाबाईंनी अस्वल दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत बसवलं होतं. डोकंही त्यांनी जागच्या जागी चढवलेलं.

"याचा डावा कान उसवला होता. मी शिवलाय," त्या म्हणाल्या. "आणि पोटावर इस्त्री नीट झालेली नाही."

"अस्वलाला इस्त्री करत नाहीत बाई..."

"उलट उत्तर देऊ नकोस!"

मी अस्वल खांद्यावर टाकून मुकाट्याने जिना उतरलो. नाटक कंपनीत पोचलो तेव्हा मॅनेजरांनी मला मिठी मारली. म्हणजे अस्वलाला मारली, मी मध्ये सापडलो. मग चादरी बाईंकडे, मग हॉटेल, मग पायजमा. पायजम्याच्या मालकांनी एक बो टाय ठेवून घेऊ का, असं विचारलं. म्हटलं, ठेवा!

आता सगळं आटोपलं, असं आम्हाला वाटलं. बायकोच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं. "बाबांना यातलं अक्षरही कळता कामा नये," ती म्हणाली. "निदान आज तरी नाही. आजचा दिवस त्यांचा आहे."

तेवढ्यात बाबांचा फोन!

"जावईबापू, मी सभागृहावर पोचलो. पार्सल उघडलं. हा लाल कोट संघाने पाठवला का?"

मला काही म्हणजे काही कळलं नाही. पण सबंध दिवस शिव्या खाल्लेला माणूस कुठल्याही प्रश्नाला कसं उत्तर देतो? ज्याने समोरचा लवकर फोन ठेवील, तसं!

"हो बाबा!" मी म्हणालो.

"मला वाटलंच! सत्कारमूर्तीचा पोशाख दिसतोय. जरा भडक आहे, पण संघाचा मान ठेवायला हवा." आणि फोन बंद झाला.

"कसला कोट?" बायकोने विचारलं.

"लाल. म्हणजे सोनेरी गोंडे वगैरे असतील बहुतेक..."

ती माझ्याकडे बघायला लागली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबांचा कोड काय?"

"स्मॉल ए-एक. आपल्या लाँड्रीचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून त्यांनी स्वतःलाच घातलंय ना."

"आणि कॅपिटल ए-एक?"

उत्तर वादळाने दिलं. "बँडपथक! बँडमास्तरांच्या कोटावर शाई सांडली होती. त्यांचं पार्सल सकाळीच पोचवलं की मी. हलकं होतं, सुटासारखं."

बाबांना लगेच फोन लावला. बंद! सभागृहात शिरताना फोन बंद करणारा पृथ्वीवरचा शेवटचा माणूस म्हणजे आमचे बाबा.

"सोडा टेम्पो!" बायको ओरडली. वादळाने टेम्पो सोडला. वाटेत एक म्हातारे गृहस्थ फिरायला निघाले होते, ते बराच वेळ आमच्या बरोबरीने चालत होते. शेवटी वळणावर त्यांनी आमचा निरोप घेतला.

आम्ही सभागृहात धावत शिरलो. सभागृह गच्च भरलेलं. स्टेजवर मधोमध, उंच पाठीच्या खुर्चीत, बाबांचा क्रीम सूट बसला होता. हातात पुष्पगुच्छ, चेहऱ्यावर मंद हसू. फक्त सुटाच्या आत बाबा नव्हते, बँडमास्तर होते! नंतर कळलं, कारण अगदी साधं होतं. लाँड्रीने कोट खराब केला म्हणून बदली सूट पाठवला, अशी त्यांची समजूत झाली. दारातल्या स्वयंसेवकाने सूट पाहिला आणि हात धरून थेट सत्काराच्या खुर्चीत नेऊन बसवलं. आयुष्यभर मोठ्या ढोलाशेजारी उभं राहिल्याने बँडमास्तरांना ऐकू येतं बेताचंच. कुणी काही बोललं की ते मान डोलवायचे.

आणि बाबा? बाबांना त्याच स्वयंसेवकाने स्टेजच्या खाली, बँडच्या पुढ्यात नेऊन उभं केलं होतं. लाल कोट, खांद्यांवर सोनेरी गोंडे, हातात बँडमास्तरांची छडी! चेहरा कोटापेक्षा लाल.

संघाचे अध्यक्ष माइकवर सांगत होते, "...यांच्याकडून आजवर एकही कपडा चुकीच्या माणसाच्या अंगावर गेला नाही!" आणि हात केला तो बँडमास्तरांकडे. बँडमास्तरांनी मान डोलवली.

बाबांना ते सहन झालं नाही. त्यांनी हात वर केला आणि ओरडले, "अहो, थांबा!"

छडी वर गेलेली पाहिली आणि बँड सुरू झाला!

काय दणका होता! बाबांनी घाबरून हात खाली आणला, बँड बंद. सभागृहात टाळ्या. अध्यक्ष खूश. ते पुढे म्हणाले, "अशा या निष्कलंक..." बाबांनी पुन्हा हात वर केला, "मी इथे आहे! मी..." पुन्हा ढोल, पुन्हा ताशा, पुन्हा तुताऱ्या! ते दोन्ही हात हलवून नको नको म्हणायला लागले, तशी बँडने लय वाढवली. ते रागाने पाय आपटायला लागले, तर ढोलवाल्याने त्यावर ठेका धरला! लोक खुर्च्यांवर उभे राहून टाळ्या वाजवू लागले. इतकं जीव तोडून बँड चालवणारा माणूस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

"जा!" बायकोने मला पाठीत ढकललं.

मी स्टेजवर चढलो. आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती, आणि खरं सांगतो, खाली त्या लाल कोटात घामाघूम झालेले बाबा मला बघवेनात. हा माणूस उभ्या आयुष्यात एकदा कौतुक ऐकायला आला होता आणि ते मी दुसऱ्याच्या अंगावर पाठवलं होतं. मी माइक हिसकावला आणि बँडच्या वर आवाज चढवून ओरडलो. दुर्दैवाने बाबांचा हात नेमका त्याच क्षणी खाली आला. त्यामुळे पिन पडली तरी ऐकू येईल अशा शांततेत माझं वाक्य सभागृहभर घुमलं.

"काल मी सर्व्हर अपग्रेड केला आणि गावाचे कपडे इकडचे तिकडे केले! हे बँडमास्तर आहेत! ते बाबा आहेत! बाबांची काही चूक नाही! गाढव मी आहे!"

बँडमास्तरांनी मान डोलवली.

बाबा छडी धरून माझ्याकडे बघत होते. मग पाचव्या-सहाव्या रांगेतून एक लाँड्रीमालक बिचकत उभे राहिले.

"मध्येच विचारतं का हो ते? जुनी फाइल ठेवू की नवी घेऊ, असं?"

"विचारतं."

"मग तुम्ही नवी घेतलीत?"

"घेतली."

ते खाली बसले नाहीत. कानाला फोन लावून दाराकडे चालायला लागले. त्यांच्यामागे आणखी एक जण उठला. मग एक आख्खी रांग! "अरे, उद्याच्या गाड्या भरू नका!" "चिठ्ठ्या फाड, सगळ्या फाड!" लाल ठिपका सगळ्यांकडेच लुकलुकत होता आणि आपापल्या लाँड्रीत सगळं कळणारा एकेक माणूस सगळ्यांकडेच होता. बघता बघता निम्मं सभागृह रिकामं झालं. संघाचे अध्यक्ष पुष्पगुच्छाचा कागद हातात चुरगाळत म्हणाले, "आमच्याकडे परवा झालं अपग्रेड. मी म्हणतोय तरी, माझ्या कपाटात हे नर्सचे कपडे कुठून आले!"

मग बायको पुढे आली. तिने बाबांच्या हातातून छडी घेतली, त्यांना स्टेजवर आणलं आणि अध्यक्षांना विचारलं, "आज चुकलेला प्रत्येक कपडा आम्ही संध्याकाळच्या आत ज्याच्या त्याच्या घरी पोचवला. हे दोन सोडून. इथे आणखी कुणाला असं म्हणता येईल?"

उरलेल्या लोकांपैकी कुणालाच म्हणता येईना. बाबांचा सत्कार झाला, लाल कोटातच. बँडमास्तरांनी बाजूला उभं राहून मनापासून टाळ्या वाजवल्या. मला वाटतं, अजूनही तो त्यांचाच सत्कार होता असं त्यांना वाटतं.

घरी परतताना बाबा टेम्पोत माझ्या शेजारी बसले. गोंडे माझ्या गालाला टोचत होते. ते म्हणाले, "जावईबापू, 'गाढव मी आहे' हे तुम्ही चारचौघांत म्हणालात."

"हो बाबा."

"ते बरं वाटलं."

त्यांनी ते माझ्या प्रांजळपणाबद्दल म्हटलं की मजकुराबद्दल, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

संघाने आता या प्रकारातून धडा घेऊन एक व्याख्यान ठेवलं आहे. विषय, 'सर्व्हर अपग्रेड करताना घ्यायची काळजी'. व्याख्यात्या म्हणून माझ्या बायकोला बोलावलंय. आमंत्रण मलाही आहे बरं का, स्टेजवर, पहिल्या रांगेत खुर्ची!

उदाहरण म्हणून.